नवशिक्याचा प्राणायाम : केव्हां आणि किती?

रोज सकाळीं दहा-पंधरा मिनिटें डोळे मिटून स्वस्थ बसण्याचा परिपाठ ज्यांनीं नुकताच सुरू केला आहे, त्यांच्यापुढें महिन्या-दीड महिन्यानें एक प्रश्न हटकून उभा राहतो. ध्यानाला बसलें कीं मन भटकतें. कोणी सांगतो, प्राणायाम करा, म्हणजे तें ताळ्यावर येईल. मग तो प्राणायाम ध्यानाच्या आधीं करावयाचा कीं नंतर? पहांटे कीं सायंकाळीं? पहिल्या दिवसापासून, कीं ध्यान थोडें अंगवळणीं पडल्यावर? शेजारपाजारीं विचारावयास जावें तर जितके सांगणारे तितकीं उत्तरें. एक म्हणतो, श्वास कोंडल्यावांचून ध्यान लागणें नाहीं. दुसरा म्हणतो, प्राणायाम हा आगीशीं खेळ आहे, त्याच्या वाटेसच जाऊं नये. बिचारा नवशिका दोघांचेंहि ऐकतो, आठ दिवस नाक दाबून बसतो, नवव्या दिवशीं डोकें जड झालें म्हणून घाबरतो, आणि प्राणायामाबरोबर बरें चाललेलें ध्यानहि सोडून देतो. हें नुकसान मोठें आहे, आणि थोड्या विचारानें टळण्यासारखें आहे.

‘केव्हां’ ह्या एका शब्दांत वस्तुतः दोन प्रश्न दडलेले आहेत. एक घड्याळाचा आणि दुसरा पायरीचा. लोक पहिला विचारतात. पण महत्त्व दुसऱ्याला आहे. म्हणून तोच आधीं घेणें बरें.

पतंजलींनीं योगाचीं आठ अंगें सांगितलीं : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधि. ह्यांत प्राणायाम चौथा आणि ध्यान सातवें. आसन साधल्यावर प्राणायाम, असें योगसूत्रांच्या दुसऱ्या पादांत स्पष्ट म्हटलें आहे, आणि प्राणायामाचें फळ सांगतांना त्यानें मन धारणेला योग्य होतें, असें सांगितलें आहे. म्हणजे श्वासाची साधना ही बसण्याच्या पुढची आणि ध्यानाच्या अलीकडची. घेरंडसंहितेनें अंगें सातच मानिलीं आणि त्यांचा क्रमहि थोडा बदलला. तींत प्रत्याहार आधीं आणि प्राणायाम मागून येतो. तरीहि ध्यान येतें तें प्राणायामाच्या पाठोपाठच. ग्रंथकारांचा इतर बाबतींत कितीहि मतभेद असो, ध्यान करून उठावें आणि मग श्वास कोंडावा, असा क्रम ह्यांपैकीं कोणी लाविलेला नाहीं.

पण ह्याच पतंजलींचें आणखी एक वचन नवशिक्यांच्या दृष्टीनें फार उपयोगाचें आहे. पहिल्या पादांत चित्त प्रसन्न व स्थिर करण्याचे निरनिराळे उपाय सांगतांना श्वास बाहेर टाकणें व रोखणें हा त्यांनीं त्यांपैकीं एक उपाय म्हणून दिला आहे, आणि तेथें ‘वा’ हा शब्द घातला आहे. ‘वा’ म्हणजे किंवा. ज्याचें मन दुसऱ्या उपायानें स्थिरावतें त्याच्यावर श्वासाची सक्ति नाहीं. ह्या एका अक्षराकडे दुर्लक्ष झाल्यामुळें पुष्कळांनीं नाहक त्रास करून घेतला आहे.

ग्रंथ बाजूला ठेविले तरी आपल्याकडील घरगुती आचारांतहि हाच क्रम सांपडतो. मुंज झालेल्या मुलाला संध्या शिकवितात, तेव्हां आचमन होतें, चोवीस नांवें होतात, प्राणायाम होतो, आणि गायत्रीचा जप बराच पुढें येतो. आधीं श्वास, मग जप. आणि श्वासाचा भाग अगदीं आटोपशीर. पुढें पुढें त्या प्राणायामाचें नाकाला बोटें लावून मोकळें होण्यांत रूपांतर झालें, ही गोष्ट निराळी. मूळ योजना मात्र शहाणपणाची होती. कामाच्या गडबडींतून आलेल्या मनाला एकदम जपाला न जुंपतां मध्यें एक उंबरठा ठेविला होता.

हा उंबरठा काय काम करतो, हें शरीराच्या बाजूनेंहि पाहिलें पाहिजे. निरोगी प्रौढ मनुष्य स्वस्थ बसला असतां मिनिटाला साधारण १२ ते २० वेळां श्वास घेतो. प्रत्येक श्वासाबरोबर सुमारें ५०० मिलिलिटर हवा आंत जाते. पण त्यांतील १५० मिलिलिटरच्या आसपास हवा नाक, घसा व श्वासनलिका ह्यांतच राहून तशीच परत येते, फुप्फुसांच्या पेशींपर्यंत ती पोंचतच नाहीं. उथळ आणि भराभर श्वास घेणाराची म्हणूनच मेहनत पुष्कळ आणि मिळकत थोडी. श्वास सावकाश व खोल झाला कीं हा अपव्यय कमी होतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. श्वास आंत घेतांना हृदयाचे ठोके किंचित् जलद होतात व बाहेर सोडतांना मंदावतात. मेंदूपासून निघून छातींतून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नांवाची एक लांब मज्जा आहे. उच्छ्वासाच्या वेळीं तिचा हृदयावरील लगाम थोडा आंवळला जातो. उच्छ्वास लांबविला कीं हा लगाम अधिक वेळ हातीं राहतो. मनुष्य शांत होतो तो ह्या वाटेनें. त्यांत गूढ असें कांहीं नाहीं.

इटलींतील संशोधकांनीं २००१ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ ह्या नियतकालिकांत एक मौजेची गोष्ट प्रसिद्ध केली. २३ माणसांकडून त्यांनीं ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणवून घेतली आणि तिबेटी बौद्धांचा मंत्रहि म्हणवून घेतला. दोन्ही वेळां त्या माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला सुमारें ६ वर आला. श्वास मंद करा असें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. म्हणण्याच्या लयीनेंच तें काम केलें. आपल्याकडे ज्या घरांत सायंकाळीं दिवा लावल्यावर सावकाश हरिपाठ म्हणतात, त्या घरांतील मंडळींनीं ह्याचा विचार करावा. एका दमांत एक चरण म्हणणें हा लांब उच्छ्वासच आहे. अशा माणसाला प्राणायामाची अर्धी वाट न कळत चालून झालेली असते.

आतां एका गैरसमजाचा परामर्श घेणें अवश्य आहे. प्राणायामानें रक्तांत पुष्कळ जास्त प्राणवायु जातो आणि म्हणून मन ताजें होतें, असें सर्रास सांगण्यांत येतें. निरोगी माणसाचें फुप्फुसांतून निघणारें रक्त साध्या श्वासानेंच प्राणवायूनें शेंकडा ९५ हून अधिक भरलेलें असतें. भरल्या घागरींत आणखी किती ओतणार? भराभर भाता चालविल्यानें वाढतें तें कर्बवायूचें बाहेर जाणें. रक्तांतील कर्बवायु फार घटला कीं मेंदूकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. डोकें हलकें वाटतें, भोंवळ येते, बोटांना आणि ओठांभोंवतीं मुंग्या येतात. पुष्कळ भोळे साधक ह्या मुंग्यांना कुंडलिनीची जागृति समजतात आणि दुसऱ्या दिवशीं भाता दुप्पट जोरानें चालवितात! वास्तविक ती थांबण्याची खूण आहे. श्वासक्रियांची प्रयोगशाळेंत तपासणी करण्याचें काम आपल्याच प्रांतांत लोणावळ्यास झालें आहे. स्वामी कुवलयानंद ह्यांनीं १९२४ सालीं तेथें कैवल्यधाम स्थापन केलें आणि त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक सुरू केलें. तेव्हांपासून श्रद्धा राखूनहि मोजमाप करतां येतें, हें सिद्ध झालें आहे.

इतकें ध्यानांत घेतल्यावर पायरीचा प्रश्न अवघड राहत नाहीं. ज्यानें ध्यान नुकतें सुरू केलें आहे, त्यानें पहिला महिनाभर श्वासाला हातच लावूं नये. त्याला करावयाचें असतें तें बसणें. मांडी घालून बसतां येत असेल तर उत्तमच. गुडघे कुरकुरत असतील तर पाठीच्या खुर्चीवर बसावें, पाय जमिनीला टेकवावे, पण पाठ मात्र सरळ ठेवावी. दहा मिनिटें हालचाल न करतां बसणें हीच पुष्कळांना मोठी मजल वाटते, आणि ती मजल गांठल्याशिवाय पुढें जाणें म्हणजे बाराखडी यावयाच्या आधीं मुलाला निबंध लिहावयास बसविण्यासारखें आहे. ह्या काळांत श्वास नुसता पाहावा. तो आंत येतो, बाहेर जातो. कधीं लांब, कधीं आंखूड. पाहणें म्हणजे सुधारणें नव्हे. हें वाक्य ऐकावयास सोपें आहे. करून पाहणाराला त्यांतील अडचण पहिल्याच दिवशीं कळते, कारण लक्ष गेलें कीं श्वास ओढावासा वाटतो.

दुसऱ्या महिन्यांत, बसणें सुखाचें झालें असेल तर, ध्यानापूर्वीं पांच मिनिटें उच्छ्वास लांबवावा. मनांत चार मोजीपर्यंत श्वास घ्यावा, सहा मोजीपर्यंत सोडावा. अंक साधारण सेकंदाच्या गतीनें मोजले तर एका श्वासाला दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला ६ श्वास होतात. वर सांगितलेल्या जपाची लय ती हीच. ज्याला दहा सेकंद फार वाटतील त्यानें तीन आणि चार मोजावें. घड्याळ समोर ठेवूं नये. सेकंदकांट्याकडे डोळे लावून बसणाराचा श्वास मंद होतो, पण मन कांट्याबरोबर धांवत राहतें. परीक्षा एकच : पुढचा श्वास घेतांना हांवरेपणा नसावा. सोडून झाल्यावर हवेसाठीं धडपड होत असेल तर मोजणी आपल्या ताकदीबाहेरची आहे, असें समजून ती कमी करावी.

ह्यानंतर नाडीशोधन. उजव्या हाताच्या अंगठ्यानें उजवी नाकपुडी मिटावी, डावीनें श्वास घ्यावा. मग अनामिका व करंगळी ह्यांनीं डावी मिटून उजवीनें सोडावा. उजवीनेंच घ्यावा आणि डावीनें सोडावा. हें एक आवर्तन झालें. अशीं पांच-सहा आवर्तनें नवशिक्याला भरपूर आहेत. घेणें आणि सोडणें ह्यांच्या मध्यें श्वास कोंडूं नये. बोटें अलगद ठेवावीं. नाक वांकडें होईपर्यंत दाबण्याची गरज नसते. हठयोगप्रदीपिकेनें नाड्यांच्या शुद्धीला तीन महिन्यांवर काळ लागतो असें धरलें आहे, आणि सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवितात तसाच वायु वश करावा, नाहीं तर तो साधकाचाच घात करतो, असें बजाविलें आहे. त्याच ग्रंथांत दिवसांतून चार वेळां, ऐंशींपर्यंत कुंभक वाढविण्याचेंहि सांगितलें आहे. नवशिके नेमका हा दुसरा भाग वाचतात आणि पहिला विसरतात. तो विधि मठींत राहणाऱ्या, नेमका आहार घेणाऱ्या, गुरूच्या नजरेखालीं असलेल्या पूर्णवेळ साधकासाठीं आहे. सकाळीं आठ-सत्तावन्नची लोकल गांठावयाची आहे अशा गृहस्थानें त्याची बरोबरी करूं नये. कुंभक, भस्त्रिका ह्या गोष्टी पुस्तकावरून किंवा चित्रफितीवरून शिकण्याच्या नव्हेत. त्यांना समोर बसलेला जाणता मनुष्य हवा.

ह्या सर्वांत एक क्षण असा आहे कीं त्याच्याबद्दल फारसें कोणी बोलत नाहीं, आणि प्राणायाम ध्यानाला उपकारक होणार कीं अडचणीचा, हें पुष्कळ अंशीं तेथेंच ठरतें. शेवटचें आवर्तन संपलें, हात खालीं आला. आतां पुढें काय? सामान्यतः नवशिका मोजणी तशीच चालू ठेवून ध्यानांत शिरतो. डोळे मिटलेले असतात, पण आंत एक-दोन-तीन-चार चाललेलें असतें, आणि श्वासावरची पकड सुटलेली नसते. हें ध्यान नव्हे. हा बोटें न लावलेला प्राणायाम झाला. म्हणून हात मांडीवर आल्यावर एक-दोन मिनिटें मुद्दाम कांहींच करूं नये. श्वासाला सांगावें, जा, तुला जसें जावयाचें असेल तसा जा. पहिले दोन-चार श्वास अडखळतील, एखादा लांब सुस्कारा येईल, येऊं द्यावा. मग श्वास आपोआप बारीक होतो, इतका कीं तो चालला आहे कीं नाहीं अशी शंका यावी. तेव्हां नाम, मूर्ति, ज्योत, जें ज्याचें ध्येय असेल तें घ्यावें. प्राणायाम हा अशा वेळीं दाराशीं काढून ठेविलेल्या वहाणांसारखा असतो. दारापर्यंत त्यांचा उपयोग, पण त्या पायांत घालून कोणी देवघरांत जात नाहीं.

आतां घड्याळाकडे वळावयास हरकत नाहीं. सर्वांत सोयीची वेळ सकाळची, शौचमुखमार्जन झाल्यावर आणि कांहींहि खाण्यापूर्वीं. सूर्योदयाच्या चार घटका आधीं सुरू होणाऱ्या ब्राह्ममुहूर्ताची महती पूर्वापार गायिलेली आहे. घटका म्हणजे २४ मिनिटें. त्या हिशेबानें सूर्य सहा वाजतां उगवत असेल तर हा मुहूर्त ४ वाजून २४ मिनिटांनीं लागतो. जो रात्रीं नऊला निजतो त्यानें अवश्य त्या वेळीं उठावें. परंतु बारापर्यंत जागून साडेचारला उठणारा मनुष्य ध्यान करीत नाहीं, बसून झोंपतो. आणि झोंप अपुरी असतां केलेला प्राणायाम त्याला दिवसभर चिडखोर करून सोडतो. सहाला उठून साडेसहाला बसलें तरी योग कांहीं रागावत नाहीं. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेची किंवा पहारेकऱ्याची सकाळ दुपारीं दोनला होते. त्यांनीं तीच आपली सकाळ मानावी.

पोटाचा नियम मात्र वेळेपेक्षां कडक पाळावा. पूर्ण जेवणानंतर तीन-चार तास तरी जावयास हवेत. घेरंडसंहितेनें प्राणायामापूर्वीं चार गोष्टी आवश्यक मानिल्या आहेत : योग्य स्थान, योग्य काळ, मिताहार आणि नाडीशुद्धि. मिताहाराचें तिचें माप सर्वांना ठाऊक आहे. अर्धें पोट अन्नाचें, पाव पाण्याचें आणि पाव वायूला मोकळें. चहाबद्दल तो ग्रंथ अर्थातच कांहीं बोलत नाहीं, आणि महाराष्ट्रांतील बहुतेक अभ्यास तेथेंच अडतो. चहा घेतल्यावांचून डोळे उघडत नाहींत, अशांनीं कोमट पाणी पिऊन बसावें आणि उठल्यावर चहा घ्यावा. पंधरा मिनिटांचें अंतर हें. पण त्यामुळें बसण्यालाहि लवकर सुरुवात होते, असा अनुभव येतो.

सायंकाळची बैठक शक्य असेल तर ठेवावी. तेव्हां मात्र मंद उच्छ्वासावरच भागवावें. दिवसभराच्या थकव्यावर जोरकस क्रिया करणें इष्ट नाहीं, आणि निजण्यापूर्वीं तर नाहींच. कांहींची झोंप त्यानें उडते. लांब उच्छ्वास मात्र अंथरुणावर पडल्या पडल्याहि चालतो.

ऋतूबद्दलहि घेरंडसंहितेचा एक नियम आहे : अभ्यासाला आरंभ वसंतांत किंवा शरदांत करावा, हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा हे ऋतु आरंभाला वर्ज्य. २०१५ पासून २१ जूनला जागतिक योगदिन पाळला जातो, आणि त्या उत्साहांत हजारों लोक नेमके त्याच दिवशीं प्राणायाम सुरू करतात. त्या सुमारास कोंकणांत आणि घाटावर पाऊस लागलेला असतो, भिंतींना ओल येते, निम्म्या लोकांचीं नाकें चोंदलेलीं असतात. चोंदलेल्या नाकानें नाडीशोधन कसें व्हावें? आठवड्यांत उत्साह मावळतो, आणि दोष प्राणायामाच्या माथीं बसतो. जूनमध्यें ज्यांना सुरुवात करावयाची असेल त्यांनीं खुशाल करावी, पण बसण्याची आणि श्वास पाहण्याची; आणि नाडीशोधन नवरात्राच्या सुमारास घ्यावें, म्हणजे ऋतुहि साधतो आणि पायरीहि साधते. त्या दिवसाकरितां शासनानें ठरविलेल्या योगाभ्यासक्रमांत आसनें, मग श्वासाच्या क्रिया आणि मग ध्यान, असाच क्रम आहे, हें येथें नमूद करावयास हवें.

निवृत्तीनंतर हा अभ्यास हातीं घेणारांची संख्या मोठी आहे, आणि नेमका त्याच वयांत रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ, डोळ्यांतील कांचबिंदु ह्यांचा उपद्रव असतो. ह्यांपैकीं कांहींहि असल्यास, तसेंच अपस्माराच्या रोग्यांनीं, गर्भवती स्त्रियांनीं आणि पोटाची शस्त्रक्रिया नुकती झालेल्यांनीं कपालभाति, भस्त्रिका व कुंभक ह्यांच्या वाटेस जाऊं नये. मंद उच्छ्वासाला सहसा अडचण येत नाहीं. तरी आधीं आपल्या डॉक्टरांच्या कानांवर घालावें. अभ्यासांत छातींत दुखणें, धडधड, भोंवळ, कानांत दडा ह्यांतलें कांहीं जाणवलें तर त्या दिवसापुरता श्वास साधा करून नुसतें बसावें. छातींतील दुखणें असेल तर उठून डॉक्टरांकडे जावें.

एका वेगळ्या मार्गाचा उल्लेख राहिला. नाशिक जिल्ह्यांत इगतपुरीस धम्मगिरि हें विपश्यनेचें मोठें केंद्र आहे. तेथील दहा दिवसांच्या शिबिरांत आरंभीं आनापान शिकवितात, म्हणजे नाकाशीं येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास जसा आहे तसा जाणणें. त्याचें नियमन करावयाचें नसतें, आणि शिबिराच्या दिवसांत योगासनादि इतर अभ्यास बाजूला ठेवावे लागतात. हें प्राणायामाचें खंडन नव्हे. पाहणें आणि वळविणें हीं दोन कामें एकदम करूं नयेत, एवढेंच त्यांत आहे. जो ह्या मार्गानें जात असेल त्यानें ध्यानाला जोडून नाडीशोधन करण्याचा हट्ट धरूं नये. दोन शिक्षकांकडे एकाच विषयाची शिकवणी लावणाऱ्या मुलाची जी गत होते ती त्याची होईल.

शेवटीं, मोडलेल्या दिवसांचें काय करावें? प्रवास असतो, घरांत आजारपण असतें, पाहुणे असतात, सर्दी होते. अशा दिवशीं आधीं सोडावयाचा तो प्राणायाम, ध्यान नव्हे. रेल्वेच्या बाकावर किंवा रुग्णालयांत आजाऱ्याच्या उशाशीं बसून पांच मिनिटें डोळे मिटतां येतात; त्यासाठीं बोटें नाकाला लावावीं लागत नाहींत. सर्दी ओसरली, घर ताळ्यावर आलें कीं नाडीशोधन पुन्हां दोन आवर्तनांपासून सुरू करावें, जेथें सोडलें तेथून नव्हे. आठवड्याभरांत तीं दोनाचीं पांच होतात.